क्लचला लावलेली राळ

लेक प्रेरणाच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या आणि कुडव्याच्या केवलरामला घोर लागला. खर्चाचा नव्हे, बहिणीचा. मोठी बहीण रुक्माबाई कामठ्याला राहायची. दोन वर्षांपूर्वी घरभरणीचं बोलावणं त्याने स्वतः न जाता एसटीच्या कंडक्टरच्या हाती धाडलं होतं. तेव्हापासून तिने भावाचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि आत्याशिवाय पोरीला हळद लागणार कशी? या खेपेला जोडीने, जातीने, मोपेडवर बसून जायचं ठरलं.

मोपेडचा क्लच आठवडाभर कुरकुरत होता. केवलराम तीस वर्षं राइस मिलमध्ये फिटर. जे कुरकुरेल त्याला तेल पाजायचं, हा त्याचा धर्म. त्याने झाकण खोलून दोन पळ्या तेल आत ओतलं. कुरकुर थांबली आणि गाडीही थांबली. इंजिन डरकाळ्या फोडी, पण चाक जागचं हलेना. इंजिन जोरात फिरलं की आतले क्लच-शू बाहेर सरकून ड्रमला घट्ट धरतात, तेव्हा कुठे गाडी चालते. तेलामुळे ते बिचारे नुसतेच घसरत होते.

"घाबरू नोको," तो बायकोला म्हणाला. "मिलमंदी पट्टा घसरला का आमी राळेची भुकटी लावतो. चिपकून बसते."

"थे मिल होय, हे गाडी होय," अनुसयाबाई म्हणाली.

"घसरते थे घसरते. तुले काय समजते त्यातलं?"

राळ लागली आणि गाडी झकास निघाली. मैलभर गेल्यावर म्हशींचा कळप आडवा आला, तेव्हा कळलं की ती थांबतच नाही. तापलेल्या तेलात राळ वितळून तिची खळ झाली होती आणि क्लच-शू ड्रमला चिकटून बसले होते. दोन्ही ब्रेक आवळून, दोन्ही चपला घासून केवलरामने गाडी शेवटच्या म्हशीच्या शेपटीपाशी आणली, तेव्हा ती आचका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू करायला दोघांना ती पार पुढच्या वळणापर्यंत ढकलावी लागली.

"आता का बंद पडली, त मी पैदल घरी जाईन," अनुसयाबाई धापा टाकत म्हणाली. "जरीचं लुगडं घालून गाडी लोटाले नाही आली मी!"

त्यामुळे आता गाडी थांबवायची नाही, एवढंच केवलरामच्या डोक्यात राहिलं.

रुक्माबाई दारात शेजारच्या शकुंतलाबाईबरोबर तांदूळ निवडत होती. भाऊ-भावजय येताना दिसताच तिने सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि चांगलं दोनदा विनवल्याशिवाय बोलायचं नाही अशा बेताने तोंड फिरवून बसली. केवलराम समोरून निघून गेला.

"बाई, प्रेरणाचं लगन हाय! येजो वो!" तो जाता जाता ओरडला.

"पाय शकुंतला," रुक्माबाई लालबुंद झाली. "मांगच्या टायमाले कंडक्टरच्या हाती, आता चालत्या गाडीवरून!"

घराला वळसा घालून गाडी परत आली. "बाई, रागवू नोको! क्लच चिपकून राहिला!"

"माणूस मनानं थांबते, क्लचनं नाही!" रुक्माबाईने मागून सुनावलं.

आपल्या नवऱ्याला बरं सांगता येत नाही, हे अनुसयाबाईला लग्नापासून ठाऊक होतं. नणंदेची समजूत आपणच काढावी म्हणून वळणावर तिने पत्रिकांची पिशवी छातीशी धरून खाली उडी मारली. ओझं हलकं झालं आणि गाडीला आणखीच चेव आला. तिसऱ्या फेरीला रुक्माबाई कमरेवर हात ठेवून रस्त्यात उभी.

"आता जाऊन दाखव!"

"हट बाई, हट!" केवलरामने हँडल वळवलं आणि गाडीसकट अंगणातल्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात घुसला.

बाहेर फक्त एक चप्पल उरली. रुक्माबाईचा दोन वर्षांचा रुसवा त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे. ती दोन्ही हातांनी तणीस उपसू लागली. "केवल! अरे लागलं काय रे? बोल ना, माझ्या भावा!"

तणसातून डोकं वर आलं. काड्या थुंकत ते म्हणालं, "बाई, मंगळवारची हळद हाय."

रुक्माबाईला रडू फुटलं आणि त्याची लाज वाटून तिने भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. मग चहा झाला, जेवण झालं. घासलेटने क्लच धुता धुता केवलराम तेल आणि राळेचं समजावून सांगू लागला, तर ती म्हणाली, "मले नोको सांगू थे क्लच-बिलच. आला ना तू? झालं."

हळदीला ती शकुंतलाबाईला घेऊन दोन दिवस आधीच आली. मांडवात बायकांच्या मधोमध बसून, पोरीच्या गालाला हळद लावता लावता तिचं सांगणं चाललं होतं. "बोलावनं कसं असते, माझ्या भावाले विचारा. तुमचे भाऊ एक डाव येतात. माझा भाऊ तीन डाव आला दारी. मी तोंड फिरवून बसली, तरी फिरफिरून आला. इचारा या शकुंतलेले!"

शकुंतलाबाईने गंभीरपणे मान हलवली. बायका केवलरामकडे आदराने पाहू लागल्या. खरं काय ते सांगायला त्याने तोंड उघडलं, तोच अनुसयाबाईचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं. त्याने बहिणीकडे पाहिलं. हळदीने माखलेल्या हातांची रुक्माबाई अगदी माहेरवाशीण दिसत होती.

"तणसाचा ढीग आडवा आला बाई," तो म्हणाला, "नाही त चवथ्या डावबी आलो असतो."