काचेच्या कपाटातल्या घोड्या

माणसाचा जीव वाचवणारी वस्तू फार जपावी लागते, कारण ती वापरली की खराब होते. हे सत्य थोरलीचं लग्न ठरलं त्या वर्षी अप्पांच्या घरात पक्कं रुजलेलं होतं.

अप्पा जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांच्या मंडळाचे सुरक्षाप्रमुख होते. पद एकमताने मिळालं होतं (त्या सभेला दुसरं कुणी वेळेवर आलं नव्हतं). त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची मोटार होती, आणि अशा मोटारीच्या पोटाखाली काम करायचं तर ती कशी उचलावी, यावरचं त्यांचं व्याख्यान मंडळात गाजलेलं होतं. जागा सपाट आणि टणक हवी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. जॅक गंजक्या पत्र्याला न लावता चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, भक्कम भागाखाली लावावा. गाडी वर गेली की खाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या ठेवून वजन त्यांच्यावर उतरवावं, हलवून पाहावं, मगच आत शिरावं. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली बोटसुद्धा घालू नये. हे शेवटचं वाक्य अप्पा इतक्या गंभीरपणे म्हणत, की ऐकणारे आपापली बोटं खिशात घालत.

या व्याख्यानाबद्दल मंडळाने अप्पांचा सत्कार करून त्यांना घोड्या आणि ठोकळे भेट दिले होते. घोड्या लालभडक, वर अप्पांचं नाव कोरलेलं. ठोकळ्यांना पॉलिश. सत्काराची वस्तू धुळीत ठेवता येत नाही, म्हणून सगळा संच दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात गेला आणि तिथल्या कपबशा माळ्यावर. घोड्यांची कामगिरी निष्कलंक होती. त्यांच्यावरून आजवर एकही गाडी घसरली नव्हती (चढलीही नव्हती). अप्पांची बायको, माई, त्या नेमाने पुसत. यांच्यावर गाडी ठेवायची असते, हे घरात आता आपल्यालाच तेवढं आठवतं की काय, असं त्यांना पुसताना वाटे.

लग्नाला आठवडा उरला आणि मोटारीखाली तेलाचं थारोळं दिसलं. नवरी याच मोटारीतून जाणार, असं अप्पांनी व्याह्यांना ऐकवून ठेवलं होतं. मग माईंच्या धाकट्या भावाला, म्हणजे मुलांच्या मामाला, बोलावणं गेलं. मामा बाह्या सरसावून आला. अंगणात लग्नासाठी गुळगुळीत फरशी बसवली होती, पाणी वाहून जावं म्हणून फाटकाकडे उतरती. अप्पांनी त्या फरशीवरच जॅक लावला, मोटार वर केली आणि यजमानाच्या अदबीने मेव्हण्याला खालची वाट दाखवली.

माई ओले हात पुसत बाहेर आल्या.

"घोड्या कुठायत?"

"कपाटात."

"मग काढा की."

"अगं, चार पाहुणे यायचेत बघायला. ओरखडा पडला तर?"

मामा हसला. "ताई, पाच मिनिटांचं तर काम."

लहानपणी रस्ता ओलांडताना धरत तसा माईंनी भावाचा दंड धरला. "माझा भाऊ नाही जायचा खाली. घोड्या आणा, नाही तर तुम्हीच शिरा."

अप्पांनी दोन्ही बाजूंचा विचार केला. कपाट उघडावं, तर मेव्हण्यादेखत बायकोचं ऐकल्यासारखं होणार. शिरू नये, तर सुरक्षाप्रमुख गाडीला भ्याला अशी बातमी मंडळात जाणार. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, पाठीवर आडवे झाले आणि आत सरकले. आतून त्यांनी पाना मागितला. मामा पाना घेऊन वाकला, तेवढ्यात फरशीवर जॅक निसटला.

मंडळाचे लोक तातडीने आले. पहिल्याने फाटकातच हळू आवाजात विचारलं, "गाडीला काही झालं नाही ना?" दुसऱ्याने मडगार्डवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. शोकसभेत असं ठरलं, की घोड्या आणि ठोकळे अप्पांच्या स्मरणार्थ मंडळाच्या कार्यालयात, आणखी जाड काचेच्या, कुलूपबंद कपाटात ठेवावेत. सभासदांना त्यापासून प्रेरणा मिळेल. त्या कपाटाखाली व्याख्यानातलं शेवटचं वाक्य सोनेरी अक्षरांत लिहिण्याचंही ठरलं.

संमती घ्यायला दोघे जण माईंकडे आले. 'तुम्हीच शिरा' म्हटल्यापासून माई फारसं बोलत नव्हत्या. त्यांनी कपाटाची किल्ली काढून दिली.

"न्या," त्या म्हणाल्या. "पुसायला मात्र मी यायची नाही."

ते तेल शेवटी कुठून गळत होतं आणि थांबलं का, असं विचारणारे अजूनही भेटतात. इथवर वाचून तुमच्याही मनात तोच प्रश्न राहिला असेल, तर मंडळाला तुमच्यासारखेच सभासद हवे आहेत. तेल थांबलं. मोटार उत्तम आहे.

अप्पा थोरलीच्या लग्नाआधीच्या रविवारी, सकाळी, वारले.