अकरा किलो बर्फाची आंघोळ

"पाणी बरोबर अडतीस अंश. एक अंश इकडे नाही की तिकडे नाही," सुनेनं जाहीर केलं. "आई, तुम्ही फक्त खुर्चीत बसून बघा."

सासूबाई बसल्या. उद्या सकाळी त्यांना आठ दिवसांसाठी धाकट्या बहिणीकडे जायचं होतं. पण सहा महिन्यांच्या नातवाला आजवर त्यांनीच न्हाऊ घातलं होतं. "आज तू घाल. मला धीर आला तर जाते, नाहीतर बॅग उपसते," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी जावं असं सुनेला मनापासून वाटत होतं. बहिणी-बहिणी भेटतील, हे त्याचं एक कारण. दुसरं सांगायची गरज नाही.

घोळ नळानं घातला. गॅसवर मोठ्या पातेल्यात दहा लिटर पाणी तापत असताना खाली प्लंबरनं मेन कॉक बंद केला. गार पाणी म्हणून घरात उरल्या प्यायच्या दोन बाटल्या, आणि पातेल्यातला थर्मामीटर दाखवत होता ऐंशी.

"निवू दे की मग," सासूबाई म्हणाल्या.

"तोवर झोपेल तो. बर्फ घालू. पदार्थविज्ञानाची पदवी काय भिंतीला लावायला घेतलीय मी?"

तिनं बाळाच्या शी-शूच्या नोंदींची वही ओढली आणि मागच्या पानावर गणित मांडलं. दहा हजार ग्रॅम पाणी, ऐंशीवरून अडतीसवर आणायचं, म्हणजे बेचाळीस अंश. काढायची उष्णता चार लाख वीस हजार कॅलरी. एक ग्रॅम बर्फ शून्यावरून अडतीसवर येताना अडतीस कॅलरी घेणार. भागाकार आला अकरा हजार. लगेच नवऱ्याला फोन.

"येताना अकरा किलो बर्फ आण."

"अगं, कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. बाळाची आंघोळ आहे."

मग तो हळूच म्हणाला, "आईला फोन दे."

वीस मिनिटांनी तो खांद्यावर पोतं घेऊन जिना चढला, तेव्हा त्याच्या पाठीवरून धबधबा वाहत होता. पोतं बघून शेजारीण चेहरा पाडून मागोमाग आली.

"कधी झालं?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"अजून व्हायचीय," सून म्हणाली. "पाणी गार झालं की लगेच."

शेजारणीला खुर्चीत बसलेल्या सासूबाई दिसल्या. त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली, तशी ती दोन पावलं मागे सरली आणि दार ओढून घेऊन गेली.

पाणी टबात ओतलं. पातेल्यावर झाकण होतं, त्यामुळे ते अजून चांगलं कढत होतं. पाठोपाठ बर्फ. बराचसा विरघळला. उरलेला मात्र पाहुण्यासारखा ऐसपैस तरंगत राहिला, उठायचं नावच घेईना. थर्मामीटर शून्यावर जाऊन बसला.

"हे अडतीस का?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं.

एक बाही चिंब भिजलेली सून वही घेऊन भिंतीला टेकली. शून्य अंशाचा बर्फ शून्य अंशाचं पाणी होतानाच ग्रॅममागे ऐंशी कॅलरी गिळतो. थर्मामीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. अप्रकट उष्मा. हे गिळणं ती गणितात धरायलाच विसरली होती. साडेतीन किलोत भागलं असतं.

"बर्फाच्या कारखान्यात मला विचारत होते, लग्न कुणाचं आहे म्हणून," नवरा शर्ट पिळत म्हणाला.

तेवढ्यात खालून प्लंबर ओरडला, "पाणी सोडलंय हो!" नळाला छान गार पाणी आलं. घरात आता त्याचीच तेवढी टंचाई नव्हती.

बाळ सासूबाईंच्या मांडीवर केव्हाच झोपलं होतं.

"आई, बॅग उपसू का?" सुनेनं पडक्या आवाजात विचारलं.

"कशाला? मी जाणार आहे." सासूबाईंनी तिचा गारठून लालभडक झालेला कोपर पदराने पुसला. "थर्मामीटर असून, वही असून, बाळाच्या आधी टबात स्वतःचा कोपर कुणी घातला? मला तेवढंच बघायचं होतं."

सुनेचा ऊर भरून आला. तिनं मान डोलावली. कोपर घातला नव्हता, वही वाचवताना पाय घसरून तो टबात गेला होता, हे सांगायला तिनं त्या परतायची वाट बघायचं ठरवलं.