दुसऱ्या कुंपणापाशी डावीकडे

हॅसलबरीच्या चर्चच्या फाटकापाशी लेनर्ड पिमलॉट माणसं मोजत उभा होता. स्वतःला धरून चौदा भरली, शिवाय बेरिलचा कुत्रा मस्टर्ड. मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी हॅसलबरीची मंडळी शेतांमधून सात मैल चालत कोल्डमियरला जातात आणि बसने परत येतात. एकवीस वर्षं त्यांना लेनर्डची बायको मॉरीन घेऊन जायची, आणि एकवीस वर्षं लेनर्ड घरी बसून कोंबडी भाजायचा. नोव्हेंबरमध्ये मॉरीन गेली. जानेवारीत बेरिल हळूच म्हणाली, "यंदा राहू द्यायचं का रे?" आयुष्यात कधी कशाला पुढे न झालेला लेनर्ड म्हणाला, "मी नेतो."

मॉरीनचं अजून चालू असलेलं असं तेवढंच उरलं होतं. ते आपल्या हातून बंद पडू नये, ती नेत होती तस्संच व्हावं, म्हणून त्याने तीन महिने नकाशा पाठ केला. झोपेतसुद्धा तो ओढे ओलांडत असे.

पहिलं कुंपण सुरळीत पार पडलं. दुसऱ्या कुंपणाच्या लाकडी पायऱ्या उतरून लेनर्ड ठामपणे उजवीकडे वळला. मागची सगळी पावलं थबकली.

"इकडून?" बेरिलने विचारलं.

"इकडूनच. नकाशात स्पष्ट आहे."

"हं. नकाशात आहे म्हणजे असणारच," बेरिल म्हणाली आणि तिने इतरांकडे पाहिलं. इतरांनी आभाळाकडे पाहिलं. मस्टर्ड मात्र डावीकडे तोंड करून खाली बसला आणि हलेचना. शेवटी त्याला उचलून घ्यावं लागलं.

अर्ध्या मैलावर क्लाइव्ह लंगडू लागला. "बुटात खडा गेलाय. तू हो पुढे, मी आलोच."

थोड्या वेळाने दोघी फेअरब्रदर बहिणी थबकल्या. त्यांना पक्षी दिसला होता.

"कसला पक्षी?" लेनर्डने कौतुकाने विचारलं.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. "तपकिरी," धाकटी म्हणाली.

मग कुणाचा हातमोजा मागे पडला, कुणाला झाडाआड जाऊन यायचं होतं, आणि ते झाड बहुधा फारच लांब असावं, कारण परत कुणीच येईना. लेनर्ड दर कुंपणापाशी थांबून मोजत होता. अकरा. आठ. सहा. इतक्यात नॉर्मनने कपाळावर हात मारला.

"अरे देवा! घरी गॅस चालू राहिला वाटतं!"

"नॉर्मन, तुझ्याकडे गॅस नाहीये. विजेची शेगडी आहे."

"म्हणून तर जास्त काळजी वाटते," नॉर्मन म्हणाला आणि आणखी तिघांना सोबतीला घेऊन गेला.

आता लेनर्ड, बेरिल आणि मस्टर्ड एवढेच राहिले. वाट नकाशाबरहुकूम होती. ओढा जिथे हवा तिथे होता, पूलही होता. लेनर्डने मात्र मागे वळून रिकाम्या वाटेकडे पाहिलं.

"मी फार हळू चालतो का गं? का फार बोलतो?"

"तू सकाळपासून सहा वाक्यं बोललायस, लेनर्ड."

"मग मॉरीनसारखं जमत नाही म्हणून गेले असतील. पुढच्या वर्षी कुणी यायचं नाही."

बेरिलने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तेवढ्यात मस्टर्डने दोरीला असा हिसका दिला की ती तिच्या हातातून सुटली आणि कुत्रा आल्या वाटेने सुसाट पळाला. बेरिल त्याच्या मागे, लेनर्ड बेरिलच्या मागे. मेंढ्यांच्या कुरणातून, चिखलातून, काटेरी कुंपणात बाही फाडून घेत लेनर्ड एका सफरचंदाच्या बागेत येऊन पडला.

झाडं फुलांनी पांढरी झाली होती. खाली लांब टेबल मांडलेलं होतं आणि टेबलाभोवती बारा माणसं तोंडात केक घेऊन बसली होती.

"लेनर्ड!" क्लाइव्ह कसाबसा घास गिळत म्हणाला. "खडा फारच मोठा होता रे."

कुणी हसलं नाही. सगळ्यांचे चेहरे लाल झाले होते. बेरिल धापा टाकत म्हणाली, "मॉरीन दुसऱ्या कुंपणापाशी डावीकडे वळायची. दर वर्षी चुकायची. तुला सांगायचं म्हणजे ती चुकत होती असं म्हणावं लागलं असतं. कोण म्हणणार?"

किटली घेऊन एक उंच म्हातारा पुढे आला. बाग त्याची होती, नाव अ‍ॅम्ब्रोज हॅकिट. त्याने लेनर्डला खुर्चीत बसवलं.

"पहिल्या वेळी सगळी फौज घेऊन ती थेट माझ्या कोंबड्यांत शिरली. 'कोल्डमियर हेच का?' म्हणे! माझी बायको जाऊन दोन महिने झाले होते. घरात माणसाचा आवाज नव्हता. म्हटलं, आलाच आहात तर चहा घ्या. पुढच्या वर्षी बरोबर साडेअकराला पुन्हा हजर. 'अगंबाई, परत चुकले वाटतं!' तिसऱ्या वर्षापासून मी टेबलच मांडून ठेवायला लागलो. एकवीस वर्षं चुकली बिचारी. मी एकदाही बोललो नाही. तिला वाईट वाटलं असतं."

लेनर्ड चहाकडे बघत राहिला. मॉरीन लग्नाआधी आठ वर्षं नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होती. धुक्यात, डोंगरात, परक्या गावात ती एकही वळण चुकल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो ते सांगणारच होता. अ‍ॅम्ब्रोज त्याच्याकडे पाहत होता, किटली हातात तशीच.

"हो ना," लेनर्ड म्हणाला. "दिशांचं तिला जरा कमीच कळायचं."

"मला तेव्हाच वाटलं होतं!" अ‍ॅम्ब्रोजचा चेहरा उजळला. मग त्याने कप भरता भरता, सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझं बरं आहे. तू काय, पुढच्या वर्षीही नकाशा बघून नीट जाणार."

लेनर्डने नकाशाची घडी केली, नीट जमेना, पुन्हा केली.

"माझा काही भरवसा नाही," तो म्हणाला. "साधारण किती वाजता चुकलेलं बरं पडेल?"

"साडेअकरा," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. "केक तोवर निवतो."