शेषेरावांनी धुऊन काढलेला थिनर

जिल्हा नवा झाला की माणसाचं खाजगी असं काही राहत नाही, असं रंगाच्या कारखान्याचे मुकादम शेषेराव फार गंभीरपणे सांगत. लातूर उस्मानाबादपासून वेगळं झालं तेव्हापासून रेशनवाले, मतदारयादीवाले, नसबंदीवाले असे सगळे येऊन गेले होते. आता आपल्याकडं न्यायला काहीच उरलं नाही, असं ते ज्या आठवड्यात म्हणाले, त्याच आठवड्यात नांदेडहून कारखाने तपासणाऱ्या डॉक्टर महानंदा आल्या आणि त्यांनी सगळ्यांची लघवी मागितली.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. रंग पातळ करायला जो थिनर वापरतात, त्याची वाफ श्वासातून अंगात जाते. अंगात तिचं रूप पालटतं आणि ती लघवीवाटे बाहेर पडते. ते पालटलेलं रूप मोजलं की माणसानं दिवसभरात किती थिनर ओढला ते कळतं. प्रमाण जास्त निघालं, तर हवा खेळती होईपर्यंत शेड बंद.

शेषेरावांना ऐकू आलं ते एवढंच, की शेड बंद. शेडमधली सगळी माणसं त्यांनी चाकूरकडून आणलेली. पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, शेतात ढेकळांशिवाय काही नव्हतं, आणि कारखाना सुटला की रोजगार हमीवर उन्हात खडी फोडणं आलं. शेडमध्ये डोकी ठणकत हे खरं होतं. पण वास बाहेर ओढणारा पंखा मागून मागून शेषेराव थकले होते. "वासानं कुणी मेलंय का?" हे मालक गुरुबसप्पांचं ठरलेलं उत्तर, आणि ते देऊन झालं की ते केबिनचं दार घट्ट लावून घेत.

"घाबरू नका," शेषेराव माणसांना म्हणाले. "आमच्या आज्यानं वसुलीला आलेला निजामाचा गिरदावर सांभाळलाय. ही तर नुसती बाटली हाय."

बेत साधा होता. भरपूर प्यायचं, आतला थिनर धुऊन काढायचा आणि मग बाटली भरायची. खोट एवढीच होती, की प्यायला पाणी नव्हतं. टँकर त्याच्या मर्जीनं येई आणि कारखान्याचा रांजण दुपारच्या आतच तळ दाखवी.

"मुकादम, सकाळधरनं घोटभर पानी पेलेय मी," डब्यांना झाकणं बसवणारी धोंडाबाई म्हणाली. "बाटलीत काय घाम पिळू?"

वाट काढली ती मालकांनी. त्यांच्या मेहुण्याची, मलप्पाची, थंड्याची एजन्सी होती. दुष्काळानं लग्नं पुढं गेल्यामुळं नारंगी थंड्याच्या पेट्या गोदामात धूळ खात पडल्या होत्या. पंख्यापेक्षा थंडा बरा, असं म्हणून गुरुबसप्पांनी पेट्या मागवल्या.

तपासणीच्या दुपारी शेडमध्ये लग्नघराचा थाट होता. माणसं पंगतीला बसल्यासारखी मांडी घालून बसली आणि शेषेराव आग्रह करत फिरले. धोंडाबाईनं तर आपल्या धाकटीच्या लग्नातसुद्धा इतका थंडा पाहिला नव्हता. मालकांनी केबिनमध्ये बसून एकट्यानं जवळजवळ पेटी संपवली. पाळी सुटताना बाई आल्या, तेव्हा रिकाम्या बाटल्या ताडपत्रीखाली गेल्या होत्या आणि सगळे विलक्षण उत्साहात रांगेला उभे होते.

तुलनेसाठी थिनरजवळ न जाणारं एक माणूस हवं, असं बाई म्हणाल्या. गुरुबसप्पा स्वतःहून पुढं झाले. त्यांची बाटली गळ्यापर्यंत भरली होती.

निकाल घेऊन बाई स्वतःच आल्या. त्यांचा चेहरा पाहूनच शेषेरावांना खडीचा ढीग दिसू लागला.

"सगळ्यांचंच प्रमाण फार आहे," बाई म्हणाल्या. "आणि सगळ्यात जास्त तुमचं आहे, आप्पा."

गुरुबसप्पांनी केबिनच्या दाराकडं पाहिलं. दाराखाली बोटभर फट होती. ते उठले, बाहेर गेले आणि आवारातल्या लिंबाखाली जाऊन बसले. त्या दिवसापासून कारखान्याचा कारभार लिंबाखालून चालू लागला. शेड बंद करायचा हुकूम निघायच्या आत सोलापूरहून पंखा आला, भिंत फोडून बसला, आणि समोरच्या भिंतीत खिडक्याही पडल्या. आपण लपवायला गेलो आणि मागत होतो ते मिळालं, हे शेषेरावांना कुणाला सांगताही येईना.

पंखा पाहायला बाई आल्या, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, त्या दिवशी काही वेगळं खाल्लं-प्यालं होतं का?

शेषेराव छताकडं पाहू लागले.

"थंडं पेलो की बाई," धोंडाबाई म्हणाली. "लई ग्वाड होतं."

बाईंनी कपाळाला हात लावला. थंडा टिकावा म्हणून त्यात जी भुकटी घालतात, तिचंही अंगात जाऊन अगदी तेच रूप होतं, असं त्यांनी सांगितलं. मोजला तो थिनर किती आणि थंडा किती, हे आता देवालाच ठाऊक.

नव्या खिडकीतून हे ऐकून लिंबाखालचे गुरुबसप्पा सावकाश उठून आत आले. "म्हंजे मला काही झालंच नव्हतं?"

"तुम्हाला नव्हतं."

"मग पंखा कशाला?"

"माझं डोकं दुखायचं थांबलंय, आप्पा," धोंडाबाई म्हणाली. गुरुबसप्पांनी पंख्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि पुन्हा केबिनमध्ये जाऊन बसले. दार त्यांनी उघडंच ठेवलं.

पंखा राहिला. शेड चालू राहिली. तपासणी नव्यानं करायची ठरली आणि सगळ्यांनी फक्त साधं पाणी प्यायचं, असं बाईंनी बजावलं.

नव्या तपासणीच्या दिवशी टँकर आला नाही.