बिनचिठ्ठीचं तेल

गाडीखाली पडलेला लाल थेंब चिठ्ठीकाकांना दिसला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि ताई चारच्या सुमारास घरी परतणार होती. काका खाली बसले. थेंब एक नव्हता, चांगलं बशीएवढं थारोळं होतं. मुंग्यांची एक रांग त्यांच्या चपलेला वळसा घालून कुठेतरी कामाला निघाली होती. काकांनी थारोळ्यात बोट बुडवलं. चिकट. वास घेऊन पाहिला, पण आठ दिवसांच्या सर्दीनं नाक असं बंद होतं की उदबत्तीचा कारखाना जळाला तरी पत्ता लागला नसता.

"देवा," काका म्हणाले, "ही नेमकी ताईचीच गाडी का रे?"

ही गाडी मुळात दाजींची. दाजींना जाऊन दोन वर्षं झाली. ताईला गाडी चालवता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नाही. महिनाभर लेकीकडे जाताना तिनं धाकट्या भावाला बजावलं होतं, "रोज दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, पुसायचं आणि किल्ली खुंटीला. फाटकाबाहेर न्यायची नाही. शप्पथ घे." काकांनी शप्पथ घेतली होती. आणि गेले तीन दिवस, स्कूटर बंद पडल्यामुळे, याच गाडीतून म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना घरपोच औषधं दिली होती.

त्यांनी घाईघाईनं मेकॅनिकला फोन लावला.

"लाल आहे? मग गिअरचंच तेल. ऑटोमॅटिकचं लालच असतं. गाडी हलवू नका काका, तेलाविना चालली तर गिअरबॉक्स खलास!"

"बाबा रे, तू ये ना लगेच."

"मी बाहेरगावी आहे, उद्या येतो. तोवर तेल आणून भरा. पण बरोबर तेच आणा हं. चुकीचं पडलं तर त्यापेक्षा न भरलेलं बरं."

एवढा धीर देऊन मेकॅनिकनं फोन ठेवला.

काकांना चिठ्ठीकाका हे नाव अख्ख्या पेठेनं दिलेलं. तीस वर्षांच्या औषधाच्या धंद्यात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्यांनी सख्ख्या मेव्हण्यालाही गोळी दिली नव्हती. हा माणूस आता गाड्यांच्या पार्टच्या दुकानात धापा टाकत शिरला.

"एक लिटर गिअरचं तेल द्या. ऑटोमॅटिकचं."

"कोणतं?" गल्ल्यामागच्या बाईंनी विचारलं.

"लाल."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "काका, मागच्या फळीवर अकरा तऱ्हेची आहेत. बहुतेक सगळी लाल."

"गाडी पांढरी आहे. जुनी. चार दारांची."

"वा! खूणच पटली."

"अहो, मग सगळ्यांना चालेल असं एखादं द्या ना!"

बाई स्टुलावरून उठल्या. "गेल्या महिन्यात मी तुमच्या दुकानात आले होते. सासूबाईंची लाल-पांढरी कॅप्सूल मागितली. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

काकांना शब्द न् शब्द आठवत होता. चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी पाऊण तास निरूपण केलं होतं.

"रंगावरून औषध ठरत नाही," ते पुटपुटले.

"आणखी?"

"चिठ्ठी आणा."

"मग आणा की! गाडीच्या खणात पुस्तक असेल, त्यात तेलाचा नंबर असतो. तो आणा आणि तेल न्या. कुणाच्या गिअरबॉक्सचं पाप मी डोक्यावर घेणार नाही."

शेजारी बेअरिंग निवडणारा रिक्षावाला तोंडावर फडकं धरून हसला. काका मात्र चिडले नाहीत. बाईंचं चुकत कुठे होतं?

घरी येऊन त्यांनी खण उघडला. पुस्तक होतं, त्यात पेन्सिल खोचलेली होती. त्याच पानावर दाजींच्या टपोऱ्या अक्षरात तेलाचा नंबर लिहिला होता, खाली दोन रेघा, आणि पुढे, 'दुसरे काहीही घालू नये.' काकांना गलबलून आलं. चिठ्ठी कशी असावी तर अशी.

तेल मिळालं. डबा देताना बाईंनी बजावलं, "आधी इंजिन गरम करा, मग तेलाची पट्टी बघा. पातळी खुणेला असेल तर थेंबही घालू नका. जास्त डोसानं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको."

काकांनी पुस्तकात लिहिल्याबरहुकूम सगळं केलं. पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. तेल बरोब्बर खुणेवर! खाली वाकून पाहिलं तर थारोळं बशीचं ताट झालेलं. पाच वेळा पट्टी पाहिली. पाचही वेळा तेल जागच्या जागी. गळतंय तरी कमी होत नाही, म्हणजे पट्टीच बिघडली असणार! साडेतीन वाजले. काकांनी डब्याचं झाकण फोडलं, नरसाळं बसवलं, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि डबा कलता केला.

"काय ओततोयस रे माझ्या गाडीत?"

फाटकात ताई उभी. हातात पिशवी. अर्धा तास आधीच टॅक्सीनं आलेली.

काकांनी डबा छातीशी धरला आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. स्कूटर, शप्पथ, तीन दिवस, लाल तेल. "ताई, मी दाजींची गाडी मारली गं!"

ताईनं पिशवी खाली ठेवली. गाडीला एक फेरी मारून मागच्या चाकापाशी थांबली आणि वाकली.

"गिअरबॉक्स पुढे असतो ना?"

"हो."

"मग हे मागे कसं गळतंय?"

काकांनीही वाकून पाहिलं.

"आणि गिअरचं तेल गोड असतं का रे?"

थारोळ्याभोवती मुंग्यांची पंगत बसली होती. ताईनं डिकी उघडली. खोक्यात खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या फुटलेल्या, आणि लाल पाक डिकीच्या तळच्या भोकातून संथपणे खाली ठिबकत होता.

"तीस वर्षं हेच विकतोस ना तू?"

"नाक बंद आहे गं," काका कसंबसं म्हणाले.

ताईला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, आणि तो जरा जास्तच वेळ तिथे राहिला. मग विचारलं, "कुणाकुणाला दिलीस औषधं?"

"सगळ्या म्हाताऱ्यांनाच. त्यांना दुकानापर्यंत येववत नाही."

ताईनं पुस्तक घेतलं, पेन्सिल काढली आणि दाजींच्या ओळीखाली सावकाश लिहिलं, 'रोज संध्याकाळी एकदा, औषधे पोचवण्यासाठी. डिकी आधी धुवावी.'

काकांनी सवयीनं ते दोनदा वाचलं, आणि पुस्तक परत तिच्यापुढे धरलं.

"ताई, सही राहिली."