थेल्माच्या फळीतला डॉलर

अख्ख्या मोंटानात मर्ल हाउगेनएवढी तयार नजर दुसऱ्या कुणाची नाही, असं मर्ल हाउगेन स्वतःच सांगायचा!

चांदीचे जुने डॉलर पारखायचं त्याला वेड. नाण्यावरच्या बाईचा गाल किती झिजलाय, कानावरची बट शाबूत आहे का, हे भिंगातून बघायचं आणि एक ते सत्तर यांमध्ये गुण द्यायचे. सत्तर म्हणजे टांकसाळीतून आत्ताच पडलेलं. एक म्हणजे, हे नाणं आहे एवढंच ओळखू येतं. इथवर ठीक होतं. पण हा गडी कशालाही गुण द्यायचा. शेजारणीचं तान्हं बाळ? "चौसष्ट. डाव्या गालावर ओरखडा." पाद्रीबाबांचं प्रवचन? "चाळीस. फार वापरातलं." आणि बायकोनं, म्हणजे आर्डिसनं, रानबेरी भरून भट्टीत भाजलेला हकलबेरी पाय? लग्न झाल्यापासून अठ्ठावन्न!

"अठ्ठावन्नच का रे मेल्या?"

"कडांना मार लागलाय."

एका दुपारी मर्ल थेल्माच्या बारमध्ये बसला होता. तिथल्या काउंटरच्या फळीत थेल्माच्या वडिलांनी चांदीचे डॉलर ओळीनं ठोकून बसवलेले, सगळे चेहरा वर करून. मर्लनं ग्लास उचलला आणि खालच्या नाण्यावरचं साल बघून त्याला ठसकाच लागला. अठराशे एकोणनव्वद! त्या सालचे साधे डॉलर पैशाला पासरी. पण कार्सन सिटीच्या टांकसाळीतला असेल तर? मग घराणं तरलं! फक्त ती टांकसाळीची खूण असते मागच्या बाजूला, गरुडाच्या शेपटीखाली. आणि मागची बाजू होती लाकडात.

"थेल्मा, हे नाणं जरा उलटं करून दाखव."

"मर्ल, तू अजून पहिल्याच बिअरवर आहेस ना?"

"विकत दे मग!"

"एक काढलं तर फळी बोळकी दिसेल. न्यायची तर अख्खी ने."

"काय घेशील?"

थेल्मानं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पिकअप गाडी उभी होती. गाडी आर्डिसची. तिच्या बापानं दिलेली. पण मर्लच्या डोळ्यांपुढे आता गरुड उडत होते.

"घे! आर्डिसला मी नवी कोरी घेऊन देईन!"

"बघ हां. आणि मर्ल, त्या नाण्यांबद्दल एक सांगायचं होतं—"

"एक शब्द बोलू नकोस! भाव वाढवायचे धंदे मला कळतात!"

फळी घरी आली ती त्याच गाडीतून. थेल्मा चालवत होती आणि मर्ल मागे फळीवर पालथा पडून ती धरून होता, मगरीवर स्वार झाल्यासारखा. आर्डिस तेव्हा बहिणीकडे गेली होती. परत आल्यावर त्यानं सांगितलं, "गाडी दुरुस्तीला दिलीय."

शनिवारी गावातल्या नाणी जमवणाऱ्यांचं अख्खं नाणेमंडळ मर्लच्या गॅरेजमध्ये जमलं. सगळ्यांनी पांढरे सुती हातमोजे घातलेले, जणू एखाद्या डॉलरचं ऑपरेशनच आहे. अध्यक्ष लाइल प्रुइटनं पटाशी चालवली. टक्! नाणं उडालं, मर्लनं ते कडेला धरून झेललं आणि उलटं केलं.

मागे काहीच नव्हतं.

गरुड नाही, शेपूट नाही, अक्षर नाही. सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत!

"गरुड कुठे गेला?" लाइलनं खाली वाकून फरशीवर शोधलं.

तेवढ्यात दारात पिकअप येऊन थांबली. थेल्मा उतरली. मागून बिअरचं पिंप उतरलं आणि तहानलेली गिऱ्हाइकं उतरली. काउंटर इथे, म्हणजे बारही इथेच, असा त्यांचा साधा हिशेब!

"तेच तर सांगत होते," थेल्मा म्हणाली. "फळी पडली पातळ. बाबांनी एकूण एक डॉलर मागून कानशीनं घासून बसवला. म्हणाले, पिणाऱ्याला पाठ कशाला बघायचीय?"

"पण हा कार्सन सिटीचा असू शकतो!" मर्ल ओरडला.

"असूही शकतो," लाइल म्हणाला. "आता देवालाच माहीत."

"माझी गाडी," गलका ऐकून घरातून बाहेर आलेली आर्डिस शांतपणे म्हणाली, "दुरुस्त झालेली दिसते."

आर्डिसनं मर्लच्या हातातलं भिंग घेतलं, डोळ्याला लावलं आणि नवऱ्याला टाळूपासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"एक," ती म्हणाली.

गाडी परत मिळाली. अट थेल्माची: फळी होती तिथे बसवून द्यायची, आणि उपटलेल्या डॉलरच्या भोकाकडे बघून गिऱ्हाईक हसायचं थांबेपर्यंत मर्लनं बारमध्ये ग्लास विसळायचे. गिऱ्हाईक अजून हसतंय.

परवा आर्डिस तिथे हकलबेरी पाय भाजून घेऊन आली. एका बाजूनं चांगलाच करपलेला. तिनं ताट मर्लपुढे सरकवलं.

"किती?"

मर्लनं ओले हात पुसले. करपलेल्या कडेकडे बघितलं. मग दाराबाहेरच्या गाडीकडे बघितलं.

"सत्तर!"

"भिंग न लावताच?"

"लागतंय कशाला!"

आर्डिस खूश झाली. तिनं तिथल्या तिथे त्याचा गुण वाढवून दोन केला.