शांतवन सरांची आडवी बाटली

शांतवन सरांच्या हाती चहा दिला, की ते आधी कप गोल गोल फिरवायचे, नाक आत घालून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अजून बंद आहे. घाई नको. उघडू द्या जरा." चहा उघडेपर्यंत त्यावर साय धरायची.

श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही शेजारी. मी हिशेब खात्यात, सर डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत. तिथे यंत्र बसवायला फ्रान्सहून एक इंजिनिअर आला होता, बोर्दोचा. बोर्डो म्हणजे द्राक्षांवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण, एवढंच मला ठाऊक. "त्याच गावचं ते," सर म्हणाले, "पण भाऊसाहेब, तिथली तांबडी वाइन!" जाण्याआधी त्या इंजिनिअरनं सरांना ती गेस्ट हाउसवर स्टीलच्या पेल्यातून पाजली आणि एक बंद बाटली भेट दिली. म्हणजे सरांचा एकूण अनुभव एक पेला. त्यावर ते पुढची सहा वर्षं बोलले.

"आधी जांभूळ. मग पेन्सिलीला टोक केल्यावर येतो तो वास. मग जिभेवर कात ठेवल्यासारखा तुरटपणा. कोवळेपणी ती कुणाला जवळ करत नाही, वय झालं की मऊ होते."

हीच पट्टी ते सगळ्यांना लावायचे. माझ्या मुलीसाठी आलेला मुलगा त्यांना दाखवला. अर्धा तास बोलून मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुरट आहे. पण चव शेवटपर्यंत टिकेल. होकार कळवा." जावई आजही तुरटच आहेत. मुलगी सुखात आहे.

बाटली स्वयंपाकघरात, माठाच्या तिवईखाली, गारव्यासाठी ओल्या गोणपाटावर, आडवी असायची. बूच आतून भिजत राहिलं पाहिजे. सुकलं तर हवा शिरते आणि वाइनचा शिरका, म्हणजे व्हिनेगर होतो, हे मला पाठ झालं होतं. निवृत्तीच्या दिवशी ती उघडायची असं सरांचं ठरलेलं. तोवर गोणपाटावर पाणी शिंपडायचं काम सरांच्या बायकोचं, रूथवहिनींचं. दारूच्या नावानं त्यांना शिसारी. पण भर उन्हाळ्यात, पाण्याची ओढ असतानाही गोणपाट कधी कोरडं दिसलं नाही.

एकदा दुपारी गेलो, तर बाटली उभी.

"आडवी बाटली दिसली की घरातला मानूस बी आडवा हाय असं वाटतं लोकांला," वहिनी म्हणाल्या. "चर्चचे पाळकसाहेब येतात, बायका येतात. उभी असली की सरबताची वाटते. ह्यांची यायची वेळ झाली की निजवते परत."

"वहिनी, बूच सुकेल."

"सुकू द्या की. घट्ट बसंल."

निवृत्तीच्या संध्याकाळी टेबलाशी सर आणि मी, दारात वहिनी. सरांनी स्क्रू आणि पक्कड आणली होती. ताकद लागलीच नाही; बूच शेंगेच्या टरफलासारखं कोरडं, अलगद हातात आलं. मी पेल्याचा वास घेतला. जांभूळ नव्हतं, पेन्सिल नव्हती. चोख शिरका होता.

सरांनी पेला फिरवला, नाक आत घातलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही.

"अहो," वहिनी दारातून म्हणाल्या, "मानसं आली की मी उभी ठेवायची तिला. बिघडली का काय?"

मी खरं बोलणारा माणूस. तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखाली सरांनी माझ्या पायावर पाय ठेवला.

"जांभूळ," सर म्हणाले. मोठा घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. "पेन्सिल. सगळं आहे. अगं, तू पाणी शिंपडून राखलीस म्हणून."

"आंबट वास येतोय पन."

"तांबडीला असतोच. काय भाऊसाहेब?"

"असतो," मी म्हणालो आणि पेला संपवला.

वहिनींचा चेहरा उजळला. अर्धी बाटली उरली होती. त्यांनी बूच दाबून बसवलं, वरून पिशवी बांधली आणि तिवईखाली बाटली जपून आडवी ठेवली. "आता कोन का येईना, अशीच ठेवनार."

सर उठले, माठातून तांब्या भरून घेतला आणि वाकून गोणपाटावर पाणी शिंपडू लागले.